बावन्न कॅसेटी

रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, भाऊसोनं एक जुनी कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली आणि दोन वर्षांच्या प्रसेनजीतच्या तोंडून त्याला ‘मरणं’ असा शब्द ऐकू आला. त्यानं चटकन बटण दाबून टेप थांबवली. उचगावातल्या त्या तीन खोल्यांच्या घरात सगळं रोजच्यासारखं चाललेलं होतं. बायको, मीना, पुढच्या खोलीत गांधीनगरच्या दुकानांतून आलेल्या साड्यांना फॉल लावत बसली होती. नऊ वर्षांची अक्षता अंगणातल्या फरशीवर खडूनं घरं आखत होती, आणि ज्याच्या तोंडून तो शब्द आला तो प्रसेनजीत, आता पाच वर्षांचा, तिनं आखलेल्या घरांवरून उड्या मारत होता. भाऊसोनं टेप मागं घेतली. मे पंच्याण्णवमधल्या एका संध्याकाळच्या वंदनेचं ते रेकॉर्डिंग होतं. आधी अक्षताचा शाळेतल्यासारखा मोठा आवाज, मग तिच्यामागून धापा टाकत येणारा, अर्धे शब्द गिळणारा धाकट्याचा आवाज. आणि पुन्हा तेच. मरणं. हीच कॅसेट त्यानं आजवर वीस वेळा तरी ऐकली असेल. तिच्यात हा शब्द कधीच नव्हता. तिसऱ्यांदा लावल्यावर तर तो इतका स्पष्ट आला की भाऊसोनं पुन्हा बटण दाबलं.

“अगं, जरा हिकडं ये की,” त्यानं हाक मारली. मीना बोटाला दोरा गुंडाळतच दारात आली. “हे ऐक. काय म्हणतोय त्यो?”

मीनानं ऐकलं आणि हसली. “सरणं म्हणतंय की वो. बुद्धं सरणं. दुसरं काय म्हणंल?”

“सरणं?”

“मग? तुमाला काय आयकू आलं?”

भाऊसोनं सांगितलं नाही. तो शब्द घरात मोठ्यानं उच्चारायची त्याला भीती वाटली. “टेप खराब झाली वाटतं,” एवढंच तो म्हणाला, आणि मीना गेल्यावर त्यानं कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून टेपरेकॉर्डरचं हेड पुसलं, एकदा, दोनदा, बोळा पांढराच्या पांढरा राहीपर्यंत.

अशा बावन्न कॅसेटी त्याच्याकडं होत्या. पत्र्याच्या ट्रंकेत, ओळीनं उभ्या, प्रत्येकीवर निळ्या शाईनं तारीख आणि आत काय आहे ते. त्यांत वाढदिवस जवळजवळ नव्हतेच. ‘अक्षता, अंघोळ, पाणी गार म्हणून भांडण.’ ‘प्रसेन, पहिल्यांदा मोटार म्हणाला.’ ‘दोघं, पोहे खाताना.’ ‘अक्षता झोपेत बोलते.’ पोरांचं जे रोज घडतं आणि रोजच्या रोज वाहून जातं तेवढंच त्याला धरून ठेवायचं होतं. अक्षता झाली तेव्हा त्यानं टेपरेकॉर्डर घेतला होता, आणि बाळंतपणाला कुरुंदवाडला माहेरी गेलेल्या मीनाच्या उशाशी तो ठेवून आधी पोरीचं रडणं भरून घेतलं होतं, मग तिला हातात घेतलं होतं. सासरे कौतुकानं म्हणाले होते, “जावाईबापू, फोटू काढत्यात माणसं. आवाज कोण काढतंय?” त्यांना काय सांगणार? भाऊसो सहा वर्षांचा असताना त्याचा बाप, ज्ञानू, वारला. फोटो एक होता, पंचायतीतल्या कुठल्याशा कार्यक्रमातला, त्यात बाप मागच्या ओळीत अर्धा दिसायचा. पण आवाज? भाऊसोनं कितीदा डोळे मिटून तो आठवायचा प्रयत्न केला होता. बापाचे हात आठवायचे, तंबाखूचा वास आठवायचा, चालताना डाव्या पायाला बसणारा हलका हिसका आठवायचा. तोंड हलताना दिसायचं, त्यातून काही यायचं नाही. आपलीही पोरं एक दिवस मोठी होतील आणि आत्ताची ही लहान पोरं अशीच मुकी होऊन मनात हलत राहतील, हा विचार त्याला सोडायचा नाही. बाकीचे लोक आंब्याचं लोणचं घालतात, आमच्यात पोरांचं घालत्यात, असं मीना शेजारणींना सांगायची. पण ट्रंकेवर धूळ मात्र ती बसू देत नसे.

त्या रविवारनंतर भाऊसो पोरांचं बोलणं नीट कान देऊन ऐकायला लागला, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याच्या लक्षात आलं की बिघाड टेपमध्ये नव्हता. प्रसेनजीत चपाती घेऊन समोर बसला होता. तो म्हणाला, “पप्पा, आखर द्या की.”

“काय?”

“आखर.”

“साखर म्हण बाळा. सा. सा.”

पोरगं हसलं. त्याला खेळ वाटला. “आ,” असं तो जोरात म्हणाला. भाऊसोनं पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा, पाचव्यांदा त्याच्या दंडाला धरून, आणि सहाव्यांदा प्रसेनजीतचा खालचा ओठ थरथरायला लागला. मीना आतून आली. “काय चाललंय सकाळी सकाळी? म्हणतंय की ते नीट!” म्हणून तिनं पोराला उचललं. अक्षता भिंतीला टेकून दप्तर भरत होती. तिनं बापाकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा दप्तरात डोकं घातलं. भाऊसोला वाटलं, आई ती आई. रोज चोवीस तास जवळ असणाऱ्याला झीज दिसत नाही. त्याला दिसत होती. कालपर्यंत नीट बोलणाऱ्या मुलाच्या तोंडातून एकेक अक्षर गळून पडत होतं, पावसाळ्यात कुडाची माती सुटावी तसं, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

तो कोल्हापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तक्रारींच्या टेबलावर होता. एकशे अठ्ठ्याण्णव फिरवून लोक तक्रार नोंदवायचे, आणि भाऊसो कानाला हेडफोन लावून त्यांच्या लाइनी तपासायचा. कुठल्या लाइनीत पाणी शिरलंय, कुठली झाडाला घासतेय, कुठं जोड सुटलाय, हे तो नुसत्या आवाजावरून सांगायचा. शेजारच्या टेबलावरचे हंबीरराव नव्या पोरांना म्हणायचे, “कान असावा तर भाऊसोसारखा. लाइनीतनं मुंगी गेली तर नर का मादी सांगंल.” त्या आठवड्यात भाऊसोनं धीर करून हंबीररावांजवळ पोराचा विषय काढला. हंबीरराव बराच वेळ चहा ढवळत राहिले. मग म्हणाले, “घाबरवत न्हाय तुला. पण आमच्या भावकीत एक पोरगं हुतं. चार वर्सांपतोर पोपटागत बोलायचं. मग एकेक शब्द कमी झाला. आता अकरा वर्सांचं हाय. खुर्चीत बसतंय आन् खिडकीबाहीर बघतंय, दिवसभर. तू आपलं डाक्टरला दाव.” भाऊसोच्या हातातला चहा गार झाला. त्याच दुपारी त्यानं शाहूपुरीतली एक लाइन चांगली म्हणून सोडून दिली, आणि हंबीररावांनी सहज कानाला लावून बघितली तर त्यांनी कपाळाला आठी घातली. “आरं, शिट्टी वाजतीय की हिच्यात. केवढ्यानं!” भाऊसोनं पुन्हा ऐकली. कुठली शिट्टी? हंबीररावांनी त्याच्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं. माझं चित्त ठिकाणावर न्हाय, भाऊसो मनाशी म्हणाला. ज्याचं पोर असं वाहून चाललंय त्याला शिट्ट्या काय ऐकू येणार?

ते दिवस त्यानं ट्रंकेसमोर काढले. कामावर जाण्याआधी, पहाटे उठून, तो एकेक कॅसेट लावायचा. कुठल्या महिन्यात सुरू झालं हे त्याला शोधायचं होतं. शहाण्णवच्या दिवाळीत प्रसेन ‘सुरसुरी’ म्हणत होता हे त्याला पक्कं आठवत होतं, लेबलवर तसं लिहिलेलंही होतं. लावून बघितलं तर ‘उरुरी’. पंच्याण्णवमध्ये तेच. मग त्यानं अक्षताच्या जुन्या कॅसेटी काढल्या, पोरगा जन्माला यायच्याही आधीच्या. अक्षताचे सगळे ‘स’ गेले होते. ‘श’ गेले होते. पितळी भांडं पडल्याचा जो टणत्कार एका टेपमध्ये होता, आणि त्यावर पोरगी खदखदून हसली होती, तिथं आता नुसता एक ठोका होता आणि पोरगी उगाचच हसत होती. म्हणजे कसर नुसती पोराला नव्हती लागली. ती ट्रंकेत शिरली होती. आज घडणारं तर ती खात होतीच, पण मागं जाऊन, साठवून ठेवलेलं, झालेलं, निभावलेलंही खात होती. नऊ वर्षांच्या सगळ्या सकाळी तिनं आतून पोखरल्या होत्या. हे कसं होऊ शकतं, असा सरळ प्रश्न त्याला पडला नाही. भीतीत माणसाला सरळ प्रश्न पडत नाहीत. दोन वेगवेगळे काळ एकाच रोगानं आजारी पडलेत, आणि त्या दोहोंमध्ये सारखी असलेली गोष्ट फक्त एकच आहे, हे त्याला दिसलं नाही.

एका संध्याकाळी मीना शेजारी गेली होती. “कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा,” असं सांगून गेली. भाऊसो स्वयंपाकघरात कट्ट्याकडं पाठ करून बसला, प्रसेनजीतची शाळेची वही बघत. थोड्या वेळानं मीना धावतच आली. घरभर करपल्याचा वास भरला होता. “अवो, हितंच बसलाय न्हवं? किती शिट्ट्या झाल्या?”

“झाल्याच न्हाईत अजून.”

मीनानं गॅस बंद केला. अक्षता मधल्या दारात उभी होती. “अकरा झाल्या,” ती हळूच म्हणाली. भाऊसोला तेही ऐकू आलं नाही. त्याला तिचे ओठ हललेले दिसले आणि त्यानंतर मीनाचा चेहरा दिसला. “विचारात हुतो,” तो म्हणाला. त्या रात्री डाळीशिवाय भात खाल्ला सगळ्यांनी.

शनिवारी शाळा सकाळची होती. दुपारी त्यानं प्रसेनजीतला घेतलं आणि राजारामपुरीत एका कानाच्या डॉक्टरांकडं जायला निघाला. अक्षता गाडीजवळ येऊन उभी राहिली. “मी पण येणार.” तुझं काय काम तिथं, असं त्यानं विचारलं, तर ती सरळ मागं बसली. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. एका पांढऱ्या कोटातल्या मुलीनं प्रसेनजीतला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर मोठे हेडफोन घातले, आवाज आला की एक मणी डब्यात टाकायचा असं सांगितलं. भाऊसो काचेबाहेरून बघत राहिला. पोरगं जिभेचं टोक बाहेर काढून, मन लावून, मणी टाकत होतं. टप, टप. एकही चुकत नव्हतं असं वाटलं, पण आपल्याला काय कळतंय यातलं, असं भाऊसोनं स्वतःला समजावलं.

डॉक्टर वयस्कर होते. कागद बघून म्हणाले, “मुलगा ठणठणीत आहे. दोन्ही कान उत्तम.”

“न्हाय डॉक्टर. मग बोलण्यात हाय कायतरी. त्याला स येत न्हाय. पैला येत हुता.”

डॉक्टरांनी प्रसेनजीतला दोन-चार वाक्यं बोलायला लावली. ऐकली. मग ते भाऊसोकडं बघत राहिले. टेबलावरची एक फाइल उचलून त्यांनी ती तोंडासमोर धरली आणि म्हणाले, “मी तीन शब्द म्हणतो. तुम्ही परत म्हणा.”

फाइलीमागून आवाज आला. भाऊसो म्हणाला, “आठ. ऊन. आई.”

खोलीत पंखा फिरत होता. डॉक्टर अक्षताकडं वळले. तिनं मान खाली घातली होती. फरशीकडं बघतच ती म्हणाली, पण डॉक्टरांनी हनुवटी धरून तिचं तोंड बापाकडं केलं तेव्हा भाऊसोला तिचे ओठ वाचता आले. साठ. सून. साय.

नंतर काचेच्या खोलीत तो बसला. कानांवर तेच हेडफोन, पोराच्या कानांची ऊब अजून त्यांत होती. काचेपलीकडं पांढऱ्या कोटातली मुलगी बटण दाबत होती. आधी काही घरघरणारे सूर आले आणि त्यानं बोट वर केलं. मग काही आलं नाही. मुलीचं बोट मात्र बटणावर जात होतं, दाबत होतं, सुटत होतं. इतकी वर्षं लोकांच्या लाइनी तपासलेल्या माणसाला कळलं की लाइनीत आवाज आहे. तिचं बोट खाली गेलं की त्यानं आपलं बोट वर करायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, तीनदा. मुलगी थांबली. तिनं आत येऊन त्याची खुर्ची भिंतीकडं वळवली. आता त्याच्यासमोर पांढरी भिंत होती. तो बसून राहिला. किती वेळ गेला कोण जाणे. त्या भिंतीसमोर त्याला एवढंच समजत होतं की मागं काचेतून आपली दोन पोरं आपल्याकडं बघत आहेत आणि आपलं बोट मांडीवर पडलेलं आहे.

नस सुकत चालली आहे, डॉक्टर म्हणाले. वरचे, बारीक आवाज आधी जातात. खालचे काही वर्षं राहतील. किती वर्षं ते सांगता येत नाही. यंत्रानं आवाज मोठा होईल, स्पष्ट होईलच असं नाही. “घरात कुणाला होतं असं? वडिलांना?” माहीत न्हाय, असं म्हणता म्हणता भाऊसोला आई आठवली. आई नेहमी म्हणायची, तुझा बा लई आढ्यतेचा माणूस, मागनं कितीबी हाका मार, वळून बघायचा न्हाय. आयुष्यभर तो राग धरून बसलेल्या त्या बाईला कोणी सांगितलंच नव्हतं. “मग पोरांचं?” त्यानं विचारलं. डॉक्टरांनी फाइल बंद केली. “आज दोघांचंही उत्तम आहे. दर वर्षी आणत जा.” आज. भाऊसोनं तो शब्द खिशात घातला आणि जिना उतरला.

घरी जाताना त्याचं त्यालाच उमगलं की टेपवरचं ‘बुद्धं सरणं’ ऐकताना ‘बुद्धं’मधला म् तेवढा कानात राहिला होता, स वगळला गेला होता आणि उरलेलं त्या म्‌ला येऊन चिकटलं होतं. बाकी कशात काही बदललं नव्हतं. टेपी शाबूत होत्या. पोरगं शाबूत होतं. हायसं वाटायला हवं होतं, आणि क्षणभर वाटलंही. मग उचगावच्या वळणाजवळ रसाच्या गाड्यापाशी त्यानं गाडी थांबवली, पोरांना रस पाजला, आणि अक्षता त्याच्यासमोर येऊन, मान वर करून म्हणाली, “पप्पा, आम्हाला माहीत हुतं.”

“काय?”

“तुमची पाठ असली की आम्ही हाक मारायचो. हळू. मी आन् प्रसेन. तुम्ही वळायचा न्हाईसा. मग थोडी मोठ्यानं. कितव्या हाकेला वळतासा ते मोजायचो. आधी दुसऱ्या हाकेला वळायचा. आता सातव्या.”

“कधीपासनं?”

“प्रसेन बालवाडीत हुता तवापासनं.”

“मग सांगितलं का न्हाईस?”

अक्षतानं ग्लास गाड्यावर ठेवला. तिच्या चेहऱ्यावर अपराधीपणा नव्हता, काहीच नव्हतं. “तुम्ही चिडला असता,” ती म्हणाली. दीड वर्षं आपल्याच घरात, आपल्याच पाठीमागं, दोन लहान पोरं उभी राहून आपल्याला हाका मारत होती आणि आकडे मोजत होती. भाऊसोच्या मानेवर तेव्हापासून एक जागा तयार झाली. तिथं सारखं कोणीतरी उभं आहे असं त्याला वाटायचं, आणि तो वळून बघायचा, आणि बहुतेक वेळा कोणी नसायचं.

कामावर त्यानं स्वतःच साहेबांना सांगितलं. हेडफोन गेला, त्याला स्टोअरमध्ये बसवलं. मीना रडली, एकदाच, मग तिनं समोर येऊन, सावकाश, तोंड उघडून बोलायची सवय लावून घेतली. ट्रंकेचं काय करायचं हे मात्र भाऊसोनं एकट्यानं ठरवलं. त्यानं दोनशे पानी वह्या आणल्या आणि कॅसेटी उतरवून काढायला लागला, ऐकू येतंय तोवर. यंत्र कानात घालून, आवाज पूर्ण वर करून, शेजाऱ्यांनी तक्रार करेपर्यंत. पहिल्या वीस कॅसेटी तशा झाल्या. पुढं शब्द नुसते गोळे होऊन यायला लागले आणि दोन हजार सालच्या उन्हाळ्याच्या सुटीत अक्षता, आता अकरा वर्षांची, रोज सकाळी टेपजवळ येऊन बसायला लागली. ती ऐकायची, टेप थांबवायची, त्याच्याकडं तोंड करून ते वाक्य म्हणायची, तो लिहायचा. प्रसेनजीतला त्यात रस नव्हता. लहानपणी आपण काय बडबडलो ते ऐकून त्याला लाज वाटायची. अक्षताला मात्र काही वाटताना दिसायचं नाही. ती स्वतःचं बाळपणीचं रडणंसुद्धा “रडतीय” एवढंच सांगायची, आणि भाऊसो तसं लिहायचा.

एकतिसावी कॅसेट तिनं लावली तेव्हा भाऊसोचं लक्ष लेबलाकडं गेलं. ऑगस्ट पंच्याण्णव, आणि पुढं काहीच लिहिलेलं नाही. एवढी एकच होती तशी. मीना तेव्हा वडिलांच्या आजारपणात कुरुंदवाडला गेली होती. पोरं त्याच्याजवळ होती. प्रसेन आकडे म्हणायला लागला होता आणि ते भरून घ्यायचे होते, आणि सहा वर्षांची अक्षता दर वेळी मध्ये बोलत होती, पुढचा आकडा तीच सांगत होती. त्यानं दोनदा दटावलं. तिसऱ्या वेळी त्याचा हात सुटला. पोरगी कपाटाच्या कडेवर जाऊन आदळली. कानाच्या वर केसांत रक्त आलं. ती किंचाळली तेव्हा त्यानं तिचं तोंड दाबलं आणि म्हणाला, गप. एकदम गप. परत तुझा आवाज आला तर बघ. हे सगळं होताना टेप चालूच होती. आईला तिनं पडले म्हणून सांगितलं होतं. त्यानं ती कॅसेट पुसली नव्हती, पुन्हा कधी ऐकलीही नव्हती.

अक्षता मांडी घालून बसली होती आणि ऐकत होती. टेप थांबवत नव्हती. भाऊसोला टेपमधून नुसती हुंकारासारखी धडधड जाणवत होती, आपला आवाज कुठला आणि तिचा कुठला, काही कळत नव्हतं. तो तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिला. तिथं काही हललं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. ती खिडकीबाहेर बघत होती. मग ती त्याच्याकडं वळली आणि नेहमीच्याच सावकाशीनं म्हणाली, “प्रसेन आकडे म्हणतोय. एक ते सात. मी हसतीय. तुम्ही म्हणताय, शाब्बास, परत म्हण.”

“आणि?”

“आणि काय न्हाय. संपली.”

कॅसेटची चाकं फिरत होती. दोघांच्या मध्ये, टेपरेकॉर्डरच्या छोट्या खिडकीत, ती दोघांनाही दिसत होती. भाऊसोनं वाक्य लिहिलं. एक ते सात. हसते. शाब्बास. मग त्याचा हात थांबला, आणि त्याखाली त्यानं लिहिलं, ‘मी अक्षताला मारलं. रक्त आलं. गप बस म्हणालो.’ वही त्यानं तिच्यापुढं फिरवली.

तिनं वाचलं. पूर्ण, शेवटच्या अक्षरापर्यंत. तिनं टेप बंद केली, कॅसेट बाहेर काढली, ट्रंकेत तिच्या जागी उभी करून ठेवली. मग ती त्याच्या अगदी समोर आली, एकही अक्षर निसटू नये इतकी जवळ, आणि म्हणाली, “हे त्यात न्हाय, पप्पा.”

मीनाला हाक मारून खात्री करता आली असती. ती आतच होती. भाऊसोनं हाक मारली नाही. अक्षतानं वहीचं पान उलटलं, पुढची कॅसेट घातली, आणि त्याच्या हातात पेन सरळ करून दिलं.

“लिवा,” ती म्हणाली.